शॉवरमागची भिंत ओली का होते?

आजचा विषय अगदी घरगुती. बेडरूमच्या भिंतीचा रंग फुगतोय, पोपडे पडताहेत, आणि पलीकडे बाथरूम आहे. सगळ्यांचं एकच निदान, "आतला पाइप फुटला, टाइल्स फोडा." मी प्लंबिंगची कामं करतो, म्हणून सांगतो, जरा थांबा. पाणी कुठून शिरतंय ते आधी बघू.

शॉवरचा आर्म, म्हणजे तो वाकडा दांडा, भिंतीतून बाहेर येतो तिथे टाइलला भोक असतं. ते दांड्यापेक्षा मोठंच असतं. त्यावर स्टीलची गोल चकती बसवतात, ती फ्लँज. डायव्हर्टरलाही अशीच मोठी प्लेट असते. पण फ्लँज भोक झाकते हो, बंद करत नाही! मागे पांढरं सिमेंट भरलं असेल तर दांडा हलून हलून ते तडकतं. मग रोजच्या आंघोळीचं पाणी त्या फटीतून आत जातं आणि विटांत मुरतं.

आता तपासणी. ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारा. आठवडाभर शॉवर बंद, आंघोळ बादलीने, तीही त्या भिंतीपासून लांब. डाग आक्रसायला लागला, तर दोष बहुतेक शॉवरच्याच बाजूला. वाढतच राहिला, तर कायम दाबाखाली असलेल्या पाइपवर संशय घ्या.

पुढची पायरी. शॉवर काढून आर्मच्या तोंडाला डमी लावा, फ्लँज पुढे सरकवा, नळ सोडा आणि टॉर्चने भोकात बघा. आतून पाणी झिरपलं, तर आट्यांचा जोड गळतोय. आर्म काढून नवी टेफ्लॉन टेप, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची. आत कोरडं असेल, तर दोष फटीचा.

फट बुजवताना जुनं सिमेंट खरवडा, जागा पुसा, पूर्ण वाळू द्या. ओल्यावर सिलिकॉन धरत नाही. सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते पितळेला आणि मार्बलला मानवत नाही. फ्लँजच्या कडेला वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खाली मात्र थोडी जागा मोकळी सोडा. का? उद्या आतला जोड गळला, तर पाणी खालून बाहेर येऊन तुम्हाला दिसेल. चारी बाजू बंद केल्या, तर ते गुपचूप भिंतीतच जाईल. त्यानंतर 24 तास शॉवर नको.

आणखी एक. ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल, तर हे सगळं नंतर. आधी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिथे रंगाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

आणि रंगारी? त्याला सगळ्यात शेवटी, भिंत खडखडीत वाळल्यावर. नाहीतर पुढच्या वर्षी तेच पोपडे, तोच खर्च.