लपवलेले दुखणे : किशोरवयातील व्यसन आणि मदतीची वाट
(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी व्यसनाचा विषय निघावा, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु कोणत्याही जुन्या शाळेच्या स्मरणात गुणवत्ता यादीबरोबर आणखी एक यादी असते. ती कोठेही छापली जात नाही. आठवी-नववीपर्यंत उत्तम चाललेली आणि पुढे हळूहळू दिसेनाशी झालेली मुले त्या यादीत असतात. त्यांतील काहींच्या घरी काय घडले, याचा शेजाऱ्यांना अंदाज असतो, शिक्षकांनाही असतो. बोलत मात्र कोणीच नाही.

महाराष्ट्रापासून दूर वसलेल्या मराठी समाजात हे मौन अधिक दाट होते. गणेशोत्सव एक, मंडळ एक, हळदीकुंकू एक आणि लग्ने जुळवणारी माणसेही तीच. घरातील मुलगा दारू पितो किंवा गांजा ओढतो हे कळले, तर धाकट्या बहिणीच्या स्थळांचे काय, ही धास्ती आईवडिलांना मुलाच्या प्रकृतीपेक्षाही आधी ग्रासते. म्हणून दुखणे झाकले जाते. झाकण्यात गेलेले महिनेच पुढे सर्वांत महाग पडतात.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या सुमारे ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणते तरी उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. हुंगण्याच्या पदार्थांचे, म्हणजे व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन यांसारख्या वस्तूंचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक असल्याचेही त्यात नोंदवले आहे. त्यासाठी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार. या वस्तू अंमली पदार्थांच्या अड्ड्यावर मिळत नाहीत, वह्या-पुस्तकांच्या आणि सायकलच्या दुकानांत मिळतात. त्या हुंगल्याने हृदयाची गती बिघडून अगदी पहिल्या खेपेसही मृत्यू ओढवू शकतो.

परिणामांचा विचार करून स्वतःला आवरण्याचे काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. सुखाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र त्याआधीच जोरात असते. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाला जे व्यसन जडायला वर्षे लागतात, ते पंधराव्या वर्षी फार लवकर जडते. याला केवळ संस्कारांचा अभाव मानणे म्हणजे तापाला हट्टीपणा म्हणण्यासारखे आहे.

असे असूनही घरोघरी उपाय ठरलेले असतात. आधी मार. मग देवासमोर शपथ. मग पुण्याला किंवा नागपूरला मामाकडे रवानगी. काही वर्षांनी ‘लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल’ हा सल्ला. माराने मूल खोटे बोलायला शिकते. शपथ मोडली की स्वतःविषयीची घृणा वाढते आणि ती विसरण्यासाठी पुन्हा नशा होते. गाव बदलल्याने पुरवठा करणारा बदलतो, तलफ सोबतच जाते. लग्नाने तर एका निरपराध मुलीला न सांगता या दुखण्यात ओढले जाते.

मदतीची सुरुवात फार साध्या गोष्टीने होते. मूल नशेत असताना काहीही विचारू नये. उतरल्यावर, आईवडील दोघे एकमताने, शांतपणे बसावेत. ‘का केलेस?’ यापेक्षा ‘केव्हापासून, आणि त्याआधी काय बिनसले होते?’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. अनेकदा मागे नैराश्य, परीक्षेची भीती किंवा कोणी केलेला छळ असतो. त्यावर इलाज झाल्याशिवाय नशा सुटत नाही. पुढची पायरी डॉक्टरांची. रोज मद्य घेणाऱ्याने ते घरच्या घरी एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून खोलीत कोंडून ठेवणे धोक्याचे आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभाग हे जवळचे आणि परवडणारे ठिकाण. कोठे जावे हेच न कळणाऱ्यांसाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, तर १४४१६ या ‘टेली-मानस’ सेवेवर मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. नाव न सांगता विचारलेला पहिला प्रश्नही प्रश्नच असतो.

पोलिसांचे भय अनेकांना अडवते. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये आहे. उलट बालकाला मद्य वा अंमली पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याच्या नजरेत गुन्हेगार कोण आणि आधाराची गरज कोणाला, हे यावरून स्पष्ट व्हावे.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे हवेत. मारहाण, साखळदंड आणि भेटीस बंदी हा काही ठिकाणी ‘उपचार’ समजला जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशा संस्थेची नोंदणी आवश्यक आहे. अल्पवयीन रुग्णाची व्यवस्था प्रौढांपासून वेगळी हवी आणि त्याच्यासोबत पालकाने किंवा सोबत्याने संपूर्ण काळ राहिले पाहिजे. ‘मुलाला सोडून जा, तीन महिन्यांनी या’ असे सांगणाऱ्या दारातून परत फिरावे.

या देशातील दोन नामवंत संस्था मौन मोडल्यामुळेच उभ्या राहिल्या. पतीचा मद्यासक्तीने मृत्यू झाल्यावर शांती रंगनाथन यांनी ते दुःख झाकले नाही; १९८० साली मद्रासमध्ये पतीच्याच नावाने उपचार संस्था सुरू केली. पुण्यात ‘गर्द’च्या विळख्यातील तरुणांविषयी अनिल अवचट यांनी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ उभे राहिले. एका घराने दुःख उघडे केले, एका लेखकाने पाहिले ते लिहिले. त्यातून हजारोंना वाट मिळाली.

उपचारानंतर मूल घरी येते, तेव्हा खरी कसोटी घराची असते. घसरण होऊ शकते. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढत नाही. येथेही पुन्हा डॉक्टरांकडे जाणे हाच मार्ग. त्याच वेळी गुपचूप उधाऱ्या फेडणे, शाळेला खोटी चिठ्ठी देणे, हे प्रेम वाटले तरी व्यसनालाच खतपाणी आहे. थकलेल्या आईवडिलांसाठी ‘अल्-अनॉन’सारखे कुटुंबीयांचे स्वमदत गट आहेत, तेथे जाणे हा कमीपणा नव्हे.

उरतो प्रश्न समाजाचा. शाळेने अशा मुलाच्या हाती दाखला ठेवू नये, समुपदेशकाचा पत्ता ठेवावा. माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, आणि व्यसनातून बाहेर पडलेले काहीजणही असतील. त्यांच्यापैकी एखाद्याने वर्षातून एक संध्याकाळ दहावीच्या मुलांना दिली, तर महोत्सवाच्या कमानीपेक्षा ती देणगी मोठी ठरेल. आणि मंडळात एखादी आई चाचरत बोलू लागली, तर विषय न बदलता कोणीतरी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसावे. ज्या ३८ जणांपैकी एकालाच उपचार मिळतात, त्यांतील दुसऱ्याची वाट बहुधा अशाच एखाद्या खुर्चीपासून सुरू होईल.