खतावणीतील कोरी पाने
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



‘ग्राहकांच्या माहितीचे विश्लेषण आणि व्यवसायवृद्धी’ असा भारदस्त विषय संयोजकांनी मला दिला आहे. मी किराणा दुकानदार असल्याने दुकानाच्याच भाषेत बोलेन.

माझे वडील खतावणीत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र पान देत. एखादे पान बरेच दिवस कोरे दिसले की ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारीत, “त्यांच्याकडे सर्व क्षेम आहे ना?” त्या प्रश्नात वसुलीची काळजी होती, तशी माणसाचीही होती. पुढे मी दुकानात संगणक आणला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तर प्रत्येक बिल त्यात जाऊ लागले. विक्रीचा आकडा दरवर्षी वाढत होता आणि मी समाधानी होतो. एके दिवशी सूनबाईंनी त्याच संगणकातून निराळी यादी काढली: सहा महिन्यांत एकदाही न आलेले जुने ग्राहक. वडिलांच्या खतावणीतील कितीतरी आडनावे तीत होती. भाववाढीने आकडा फुगला होता, घरे मात्र कमी झाली होती. हे मला कळलेही नव्हते, याची आजही लाज वाटते.

सूनबाईंची रीत नवी नव्हे. ग्राहक शेवटचा केव्हा आला, किती वेळा आला आणि किती रकमेचा माल नेला, हे तीन प्रश्न टपालाने माल विकणारे अमेरिकन व्यापारी विसाव्या शतकातच विचारीत. १९९५ साली इंग्लंडच्या टेस्को कंपनीने ग्राहकांना क्लबकार्ड दिले, त्यामागेही अशीच जिज्ञासा होती. गल्ल्यावरील क्यूआर कोडवर मात्र विसंबू नये. त्यातून रक्कम कळते. तांदूळ नेला की तूर, हे कळत नाही.

आकडे वाचताना गावही वाचावे लागते. पेणची ओळख गणेशमूर्तींची. सणाआधी येथे बाहेरगावची वर्दळ वाढते. २०२३ साली अधिक श्रावणामुळे गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आता ऑगस्ट २०२५ ची विक्री ऑगस्ट २०२३ शी ताडून कोणी ‘धंदा वाढला’ म्हणेल, तर तो फसेल. सण अलीकडे सरकला, इतकेच. आपले पर्युषणही त्याच सुमारास येते आणि हिरव्या भाजीऐवजी कडधान्यांचा खप वाढतो. जुन्या वह्या तिथीने चालत. संगणकाच्या तारखेशेजारी तिथीचा एक रकाना ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

रोह्याचे गणित वेगळे. धाटाव औद्योगिक वसाहतीतील नोकरदाराची महिन्याची खरेदी पगाराभोवती फिरते. आसपासच्या भातशेतकऱ्याचा हात मोकळा होतो तो पीक घरी आल्यावर. दोघांची सरासरी काढून माल भरला, तर एकाला तो मिळत नाही आणि दुसऱ्यासाठी आणलेला पडून राहतो.

एक सावधगिरी. वडील एकाचे पान दुसऱ्याला कधी दाखवीत नसत. आपण मात्र मोबाईल क्रमांक घेतो आणि सर्रास जाहिरातींचे संदेश पाठवितो. संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही ग्राहकाच्या संमतीला महत्त्व आहे. क्रमांक कशासाठी हवा, हे आधी सांगावे आणि ग्राहक ‘नको’ म्हणाला तर आग्रह धरू नये.

त्या यादीचे काय झाले, ते सांगतो. मी स्वतः एकेका घरी गेलो. काही घरांतील मुले मुंबईला स्थायिक झाली होती, काहींचा माल मोबाईलवरून येत होता. एका घरी ऐकावे लागले की, खराब डाळ परत करताना माझ्याच माणसाने उद्धट उत्तर दिले होते. मी क्षमा मागितली. एका वृद्ध आजींनी कारण सांगितले, “अरे, तुझ्या दुकानाच्या पायऱ्या चढवत नाहीत.” ही गोष्ट कोणत्याही बिलात सापडली नसती.

पायऱ्यांना आता कठडा बसविला आहे. यादी दर महिन्याला निघते. आजी गेल्या आठवड्यात स्वतः येऊन अर्धा किलो मूग घेऊन गेल्या.