पिढी कशाने घडते?

बाप, मुलगा, नातू अशी पिढी मोजण्याची रीत वंशवृक्ष काढण्यास पुरेशी आहे. समाज समजून घेण्यास मात्र ती अपुरी पडते. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ साली असे प्रतिपादन केले की, केवळ एका काळी जन्मल्याने माणसे एका पिढीची होत नाहीत. कोवळ्या वयात एकाच मोठ्या प्रसंगातून गेल्याने ती तशी होतात.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे १९७२ चा दुष्काळ होय. ज्या श्रोत्यांच्या घरी त्या सालची माणसे आहेत, त्यांस याचा सहज पडताळा घेता येईल. परदेशाहून आलेला लाल मिलो, सुकडी, खडीचे ढीग, पाझर तलावाची माती, हजेरीचे मस्टर यांची नुसती नावे निघाली, तरी जालन्याचा शेतकरी आणि सांगोल्याचा मजूर एकमेकांस ओळखतात. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. जमीन असलेला आणि नसलेला, दोघेही एकाच ढिगाशी खडी फोडीत बसले. त्या अनुभवाच्या पाठबळावर १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. २००५ साली तोच विचार देशाने उचलला.

परंतु अनुभव डोळे उघडतो, तसा तो दृष्टीला बांधही घालतो. त्या साली धान्य नव्हते. विहिरी आटल्या तरी खडकाखाली पाणी होते. म्हणून त्या पिढीने भुकेचा बंदोबस्त केला आणि तहानेसाठी विंधनविहिरी खोदल्या. तेव्हा तो उपाय योग्यच होता. पुढील पिढीच्या हाती उपाय आला. त्यामागील धाक मात्र आला नाही. विंधनविहिरी खोल खोल गेल्या, ऊस वाढला, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. दुकानात धान्य होते, पण नळाला पाणी नव्हते. एका पिढीचा उपाय दुसरीचे संकट होतो, तो असा.

त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली मुले ही आता वेगळी पिढी आहे. आजोबांच्या स्मरणात भूक आहे. नातवाच्या स्मरणात तहान. प्रत्येकाने आपल्याच दुष्काळाशी झुंजावयाचे ठरविले, तर हे चक्र फिरतच राहील. संध्याकाळी ओट्यावर बसून दोघांनी एकमेकांचा दुष्काळ ऐकून घेतला, तरच ते थांबण्याची आशा आहे.