देवाच्या वतीने कोण बोलतं?

दिवसभराची कामं उरकून तुम्ही रेडिओजवळ येऊन बसला असाल. आज आम्ही तुम्हाला फार लांबच्या देशातल्या, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या काही माणसांच्या गोष्टी सांगणार आहोत. पण त्या आमच्यापर्यंत पोचल्या अलिबागच्या वाटेने, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमच्या गटातल्या एका काकूंचं माहेर अलिबागकडचं. त्यांच्या लहानपणी शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहायचं. बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू लोक. पूर्वी ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. घरात बोली मराठीच. लग्नकार्य असो, नवस फेडायचा असो, नवं घर असो, त्यांच्याकडे मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं आणि फळं असं ताट मांडायचं, एलियाहू हनाबीच्या नावाने प्रार्थना म्हणायची आणि मग ते सगळ्यांना वाटायचं. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर खुणा आहेत. एलियाहूचा रथ तिथे टेकला होता, अशी त्यांची श्रद्धा आहे. आता त्यांच्यातले बहुतेक जण इस्राएल देशात जाऊन राहिलेत, पण मलिदा तिथेही होतो.

मागच्या बैठकीत काकू म्हणाल्या, “मलिदा आम्ही ओंजळी भरभरून खाल्ला गं, पण हा एलियाहू कोण, ते कधी विचारलंच नाही.” मग आम्ही सगळ्यांनी मिळून माहिती काढली, मराठी बायबल मिळवून वाचलं. वाचता वाचता गटातल्या एकीने असा प्रश्न विचारला, की तो आमच्या डोक्यातून जाईना.

तिची हकिगत थोडक्यात सांगतो. तिचा नवरा गेल्या वर्षी वारला. सासरच्या माणसांनी तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. ती सही करेना, तेव्हा एका जाणत्या म्हणवणाऱ्याला घरी आणलं. तो म्हणाला, “देवाचा कौल झालाय. तू जमिनीवरचा हक्क सोडलास तरच घराला शांती लाभेल.” ती आम्हाला म्हणाली, “देव खरंच असं बोलला असेल का? देवाच्या वतीने कोण बोलतंय आणि स्वतःच्या वतीने कोण, हे ओळखायचं कसं?”

बायांनो, त्या जुन्या इस्राएल लोकांनाही हाच प्रश्न पडायचा.

आधी शब्द समजून घेऊ. ‘हनाबी’ यात ‘हा’ म्हणजे ‘तो’ आणि ‘नाबी’ म्हणजे देवाच्या वतीने बोलणारा. मराठी बायबलमध्ये त्याला संदेष्टा म्हटलंय, निरोप आणणारा. आपल्याला वाटतं, संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा. पुढचं ते सांगायचे हे खरं, पण त्यांचं मुख्य काम वेगळं होतं. ‘तुम्ही आज जे वागताय ते देवाला मंजूर नाही, असंच चाललं तर पुढे हे भोगावं लागेल,’ असं तोंडावर सांगण्याचं काम. त्यांच्यात राजाचा मुलगा राजा आणि पुरोहिताचा मुलगा पुरोहित होई. संदेष्ट्याचं काम असं जन्माने मिळत नसे. ते मेंढपाळाला मिळालं, तसं बाईलाही मिळालं.

आता काकूंचा एलियाहू. मराठी बायबलमध्ये त्याला एलीया म्हणतात. इसवी सनापूर्वीचं नववं शतक. अहाब नावाचा राजा होता. इज्रेल गावात त्याच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाल्याची बाग करायची होती. तो म्हणाला, मळा दे, बदल्यात दुसरा देतो, नाहीतर पैसे घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. त्यांच्या धर्मशास्त्रातही जमीन कायमची विकू नये असा नियम होता. राजा घरी जाऊन तोंड फिरवून झोपला, जेवेना. तेव्हा राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, राजाचा शिक्का मारला आणि गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवली. दोन खोटे साक्षीदार उभे केले. त्यांनी नाबोथवर काय आरोप केला माहीत आहे? यानं देवाची निंदा केली! देवाचं नाव घेऊनच त्याला गावाबाहेर नेलं आणि दगडांनी ठेचून मारलं. मग राजा मळा ताब्यात घ्यायला निघाला.

कागद तयार, शिक्का आहे, साक्षीदार आहेत, पंचही मिळालेले. सगळं कायदेशीर. अशा वेळी एलीया त्या मळ्यातच राजासमोर उभा राहिला आणि देवाच्या नावाने त्यानं त्याला विचारलं, की माणूस मारलास आणि वर त्याची जमीनही घेतोस का? एका मेलेल्या शेतकऱ्याच्या बाजूने, एकटा माणूस, राजाच्या तोंडावर बोलला.

एलीयाची आणखी एक गोष्ट आम्हाला फार जवळची वाटली. दुष्काळ पडला होता. सारफथ नावाच्या परक्या मुलखातल्या गावी तो गेला. वेशीजवळ एक विधवा काटक्या गोळा करत होती. घरात मूठभर पीठ आणि थोडंसं तेल उरलेलं. त्याची शेवटची भाकरी करायची, आपण खायची, लेकराला द्यायची आणि मग मरायचं, एवढंच तिच्यापुढे होतं. एलीयाने तिच्याकडे आधी आपल्यासाठी छोटी भाकरी मागितली. हे वाचल्याबरोबर आमच्यातली एक जण उसळून म्हणाली, “म्हणजे हासुद्धा विधवेकडेच मागतोय की!” तिचं चुकलं नव्हतं. पण गोष्ट तिथे थांबत नाही. तो भाकरी घेऊन निघून गेला नाही. पुष्कळ दिवस तिच्याच घरी राहिला, ती आणि तिचं लेकरू खाईल तेच खाल्लं. पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही, असं ती कथा सांगते. पुढे तिचा मुलगा गेला, तेव्हा एलीया त्याला माडीवर घेऊन गेला आणि त्यानं देवालाच जाब विचारला, की ज्या विधवेनं मला आसरा दिला तिच्यावरच हे संकट का आणलंस? निरोप वरून खाली आणायचा, तसं खालचं दुःखही वर न्यायचं, हेही त्याचं काम होतं.

दुसरा आमोस. काळ इसवी सनापूर्वीचं आठवं शतक. तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा. तो बेथेलच्या मोठ्या मंदिरात गेला. तिथे उत्सव थाटात चालायचे, अर्पणं यायची, गाणी व्हायची. आमोस तिथे कशाबद्दल बोलला? मापाबद्दल. धान्य देताना माप लहान, पैसे घेताना वजन मोठं, तराजूत खोट, गव्हात भुसा मिसळून विकायचा आणि पायताणाच्या जोडाएवढ्या किमतीला गरिबाला विकत घ्यायचं, हे त्यानं मोजून दाखवलं. न्याय नसेल तर देवाला तुमची गाणीही नकोत आणि उत्सवही नकोत, असा त्याचा निरोप होता. मंदिराचा पुरोहित अमस्या चिडला. आपल्या मुलखात जा आणि तिकडे पोट भर, हे राजाचं देवस्थान आहे, असं त्यानं सुनावलं. आमोसनं उत्तर दिलं, की हा माझा धंदा नाही, मी गुरं राखणारा माणूस, देवानं मला कळपामागून उचललं. बोलून त्याला काही मिळवायचं नव्हतं.

पण मैत्रिणींनो, नेहमी एवढं सोपं नसायचं. कारण दोन संदेष्टे एकमेकांविरुद्ध बोलायला लागले, तर कोण खरा?

इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेम जिंकलं, मंदिरातली भांडी नेली, माणसं कैद करून नेली. त्यानंतर यिर्मया नावाचा संदेष्टा मानेवर लाकडी जू घालून फिरू लागला. बाबेलचं जू इतक्यात सुटणार नाही, ते सोसूनच जगायचं आहे, असं तो सांगत होता. ते कोणाला आवडणार? मग हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात, सगळ्यांसमोर उभा राहिला. देवाचंच नाव घेऊन तो म्हणाला, दोन वर्षांत भांडीही परत येतील आणि माणसंही. त्यानं यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकलं.

त्या गर्दीतल्या बायका डोळ्यांपुढे आणा. कोणाचा नवरा बाबेलात, कोणाचा मुलगा. त्यांना कोणाचं खरं वाटलं असेल? देव एकच, बोलायची रीतही एकच. आणि यिर्मया काय म्हणाला? तू म्हणतोस तसंच होवो. तोही माणूसच होता, त्यालाही आपले लोक परत यायला हवे होते. एवढंच बोलला, की शांतीचं सांगणाऱ्याचं खरं-खोटं ते घडल्यावरच कळतं. आणि निघून गेला. त्या क्षणी त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. पुढे देवाचा निरोप मिळाल्यावरच तो परत बोलला. हनन्या त्याच वर्षी वारला. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये यरुशलेम जळलं. हनन्या ठामपणे बोलला होता आणि खोटा ठरला. यिर्मया थांबला, गप्प राहिला आणि खरा ठरला.

त्या खरेपणाची किंमतही यिर्मयानेच मोजली. शहराला वेढा पडला असताना अधिकाऱ्यांनी त्याला चिखलाच्या हौदात सोडलं. त्याला वर काढलं ते एबद-मलेख नावाच्या आफ्रिकेकडच्या एका परक्या सेवकाने. दोर काखेत रुतू नये म्हणून त्यानं आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या.

आता एका बाईची गोष्ट. इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमाराला मंदिराच्या दुरुस्तीत धर्मशास्त्राची एक गुंडाळी सापडली. योशीया राजाला ती वाचून दाखवली, तेव्हा त्यानं अंगावरचे कपडे फाडले. इतकं आपलं चुकलेलं होतं. यात लिहिलंय ते खरंच देवाचं का, हे विचारायला त्यानं मुख्य पुरोहिताला आणि चिटणिसाला पाठवलं. कोणाकडे? हुल्दाकडे. राजाच्या वस्त्रांची देखरेख करणाऱ्याची ती बायको. त्या काळात यिर्मया होता, तरी ते सगळे बाईच्या दारी गेले. पुढच्या ज्यू धर्मपंडितांनाही प्रश्न पडला, की हुल्दाच का? त्यांनी दिलेलं एक उत्तर असं, की बाईचं मन दयाळू असतं. पण हुल्दाने काही मऊ करून सांगितलं नाही. लिहिलंय ते खरं आहे आणि तसंच होणार, हे तिनं स्पष्ट सांगितलं. राजाला मात्र निरोप दिला, की तुझं मन नरम आहे, तू रडलास, म्हणून ते तुला बघावं लागणार नाही. ज्यू परंपरेत अशा सात संदेष्ट्री मोजतात. सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा आणि एस्तेर.

हे सगळं वाचून आम्ही आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे परत आलो. पक्की कसोटी त्या लोकांकडेही नव्हती. पण काही खुणा आम्हाला दिसल्या. मीखा नावाच्या संदेष्ट्यानं तर एक खूण स्वयंपाकघरातलीच सांगितली. कोणी खायला घातलं की शांती सांगायची आणि तोंडात काही पडलं नाही की त्याच्याशी लढाई मांडायची, असे खोटे संदेष्टे त्यानं ओळखून दाखवले. म्हणजे पहिली गोष्ट, बोलणाऱ्याला जेवू कोण घालतंय ते बघा. दुसरी, तो कोणाला बोलतोय ते बघा. एलीया राजाला बोलला, विधवेला दटावायला गेला नाही. तिसरी, त्याच्या बोलण्याने कोणाचं नुकसान होतंय? खऱ्याचं स्वतःचं व्हायचं, त्याला हौदात टाकायचे. आणि चौथी, तो जमिनीबद्दल, मापाबद्दल, उपाशी माणसाबद्दल बोलतो का, आणि बोलला तर कोणाच्या बाजूने?

आमच्या मैत्रिणीने या खुणा एकेक करून लावून बघितल्या. कौल सांगणाऱ्याला कोणी आणलं होतं, त्याला नारळ आणि पैसे कोणी दिले, जमीन कोणाकडे जाणार होती. ती बराच वेळ काही बोलली नाही.

सही कर किंवा करू नको, असं आम्ही तिला सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर आम्हीही देवाच्या वतीने बोलायला निघालो असतो. एवढंच सांगितलं, की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मागे त्याच्या वाट्यात विधवेचा मुलांच्या बरोबरीने हक्क असतो आणि हक्कसोडीवर कोणी जबरदस्तीने सही घेऊ शकत नाही. येत्या सोमवारी ती सातबारा बघायला तलाठ्याकडे जाणार आहे. आम्ही दोघी-तिघी सोबत जाणार आहोत. देवाला काय वाटतं, हे ती तिच्या देवघरात बसून स्वतः विचारणार आहे.

काकू म्हणाल्या, “काम झालं की मलिदा करू गं.” पोहे भिजवायला वेळ लागत नाही.

तुमच्याही गटात हा प्रश्न मांडून बघा. या चार खुणांत तुम्ही कोणती भर घालाल, ते आम्हाला नक्की कळवा. नमस्कार.