रंगवलेल्या लाकडाला मेणाचा हात

दिवाळीच्या सुटीत शाळेचे कपाट रंगवावे, घरचा देव्हारा, चौरंग रंगवावा, ही आपल्याकडची रीत. रंग नवा असतो तोवर सामान कसे झळकते! पण वर्ष उलटते न उलटते तोच हात लागून कडा काळवंडतात, ओरखडे उठतात. त्यावर एक साधा उपाय आहे. रंगावर मेणाचा एक पातळ हात द्यावा.

आधी माझी फजिती सांगतो. रंग बोटाला लागेना, म्हणून वाळला असे समजून मी दुसऱ्याच दिवशी मेण चोळले. कोवळा रंग सुटून फडक्याला आला आणि कपाट चिकट झाले ते झालेच. तेलरंग वरून लवकर सुकतो, आतून पक्का व्हायला वेळ घेतो. त्याला निदान तीन-चार आठवडे द्या.

आता कृती. मधमाशांचे १०० ग्रॅम शुद्ध मेण किसून डब्यात घ्या आणि डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते. त्याला थेट जाळ नकोच. पुढचे मात्र नीट ऐका. शेगडी विझवा, डबा अंगणात न्या, आणि कडेने मेण गोठू लागले की मगच ३०० मिलिलिटर टर्पेंटाइन ओतून ढवळा. टर्पेंटाइनची वाफ आपल्या उन्हाळ्यातल्या उष्म्यातही ठिणगीने पेट घेते. गुरुजी, हे काम तुम्ही स्वतः करा. मुलांनी फक्त शेवटी कोरड्या फडक्याने चकाकी आणावी.

गार झाले की मेण लोण्यासारखे होते. सामान पुसून कोरडे करा, सुती फडक्यावर सुपारीएवढे मेण घ्या आणि पातळ चोळा. जाड थर दिला की धूळ धरलीच म्हणून समजा! अर्ध्या तासाने घासा. वापरलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा.

मेणावर गरम पेला ठेवला तर डाग पडतो, हेही लक्षात असू द्या. पुढे पुन्हा रंग द्यायचा झाला, तर आधी टर्पेंटाइनने मेण पुसून काढा, नाहीतर नवा रंग धरत नाही. आणि फार जुना रंग कोरडा खरवडू नका. त्यात शिसे असू शकते, आणि ती धूळ मुलांच्या पोटात जाते.

थोडक्यात काय, मेण थोडे लावा, धीर मात्र पुष्कळ धरा.