दुकानातील शब्दकोश



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी सिमेंट-लोखंडाचा विषय घ्यावा याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गणित शिकवीत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी आज बेळगाव परिसरात बांधकाम-साहित्याचे वितरक आहेत. त्यांच्या दुकानात आता संगणक आहे. त्याविषयी मी माझ्या बाजूने, म्हणजे शब्दांच्या बाजूने बोलणार आहे. संगणकात भरलेली मालाची यादी हा एक शब्दकोशच असतो. तो कोशकाराच्या शिस्तीने रचला नाही, तर चूक कागदावर राहत नाही, ती कोणाच्या तरी स्लॅबमध्ये जाते.

'सूत' हा शब्द घ्या. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुना मिस्त्री आजही 'चार सुताची सळई' मागतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. परंतु 1956 च्या कायद्याने दशमान मापे आली, आणि बाजारात मिळू लागली ती 12 मिलिमीटरची सळई. मिस्त्रीने जुने नाव नव्या वस्तूला देऊन टाकले. व्यासाचा वर्ग करून 162 ने भागले की सळईचे दर मीटरचे वजन किलोत मिळते, हे सूत्र लोखंडाच्या प्रत्येक दुकानदाराला पाठ असते. त्या हिशेबाने 12 मिलिमीटरची सळई मीटरमागे सुमारे 889 ग्रॅम भरते, आणि खरोखरचा अर्धा इंच सुमारे 996 ग्रॅम. आता एखाद्या हुशार मुलाने संगणकात सुताचे मिलिमीटर गणिताने करून ठेवले, तर मीटरमागे शंभराहून अधिक ग्रॅमचा फरक पडतो, आणि टनावारी मालात तो भांडणापर्यंत जातो. गणित बरोबर आणि अर्थ चूक! कारण 'सूत' हे आता माप उरलेले नाही, ते नाव झाले आहे. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून नव्हे, वापरावरून ठरतो, हे आम्ही वर्गात चाळीस वर्षे सांगत आलो. लोखंडाच्या वखारीत ते तराजूवर दिसते.

कधी एकच अक्षर सारा अर्थ पालटते. 'एफई 500' आणि 'एफई 500 डी' या दोन सळयांची नावे यादीत एकाखाली एक येतात, आणि घाईत तो 'डी' गळतो. दोन्हींतला 500 हा आकडा ताकदीचा आहे. 'डी' सांगतो ते सळईचे लवचिकपण: तुटण्यापूर्वी पहिलीने निदान 12 टक्के ताणले जावे, दुसरीने 16 टक्के, असे भारतीय मानक म्हणते. भूकंपात घर वाकून उभे राहावे यासाठी तो ताण कामाला येतो. सिमेंटचे वेगळेच. 43 आणि 53 हे आकडे 28 दिवसांनंतरच्या ताकदीचे आहेत. पण गिऱ्हाईक त्यांना परीक्षेतले गुण समजते आणि गिलाव्यालाही 53 मागते. तेथे पोझोलाना सिमेंट उत्तम चालते, हे सांगणे वितरकाचे काम आहे. संगणकाच्या पडद्यावर मालाच्या नावाशेजारी 'कशासाठी' असा एक रकाना असेल, तर गल्ल्यावरचा नवा पोरगाही ते सांगू शकेल.

वाळूकडे वळू. आपल्याकडे तिला कोणी वाळू म्हणते, कोणी रेती. कन्नड बोलणारा शेजारी उसुकु म्हणतो आणि दक्षिणेकडून आलेला ठेकेदार मरळु. ती विकली जाते ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांवर. संगणक मात्र एका ब्रासचे टन किती, याला एकच आकडा मागतो. तो आकडा देता येत नाही, कारण ओली वाळू फुगते. थोडासा ओलावाही तिचे आकारमान पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. येथे यंत्राने माणसाला विचारले पाहिजे: वाळू कोरडी की ओली?

मग यादीत नावे कोणती लिहावीत? आपल्या परंपरेत याची दोन उत्तरे आहेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तो मोठा प्रयत्न होता. तरी दुकान, माल, वजन, हिशेब हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. मोल्सवर्थने 1831 च्या कोशात उलट केले. लोक जे बोलतात ते गोळा केले, कोकणातले आणि देशावरचेही. दुकानाला मोल्सवर्थ हवा. प्रमाण नाव एक ठेवा, पण त्याच्याशी सारी बोलती नावे जोडा. टॅलीसारख्या प्रणालीत मालाला पर्यायी नाव आणि दुय्यम एकक देण्याची सोय असते. ती पुष्कळ दुकानांत रिकामी दिसते.

रिकामी राहण्याचे कारण सरळ आहे. कराचा रकाना कोणी रिकामा ठेवत नाही. 22 सप्टेंबर 2025 रोजी सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा ज्याला त्याला आपली यादी तातडीने दुरुस्त करावी लागली, कारण मागे कायदा होता. सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी ते भरले हे छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने झालेले सिमेंट पुन्हा तपासून घ्यावे लागते. तो आठवडा संगणकात नोंदवून जुने पोते आधी बाहेर काढण्याची सोयही आहे. पण त्यासाठी दारात कोणी अधिकारी येत नाही, म्हणून नवी पोती पुढे रचली जातात आणि जुनी भिंतीशी गोठत राहतात.

माझी एक सूचना आहे. या शाळेच्या नववीतल्या मुलांनी मे महिन्याच्या सुटीत माजी विद्यार्थ्यांच्या दुकानांत बसावे, आणि गिऱ्हाईक कोणता माल कोणत्या नावाने मागते ते वहीत जसेच्या तसे उतरून घ्यावे. मराठी, कन्नड, हिंदी, जे कानावर पडेल ते. दुकानदाराने ती नावे यादीत भरून घ्यावीत आणि वहीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. आरंभ मिस्त्रींपासून करावा. सुताने माल मागणारे मिस्त्री आता माझ्याच वयाचे आहेत.