पाहुणा गेल्यावर काय लिहावे?



मालवणास मी घरची खोली पाहुण्यांस देऊ लागले, तेव्हापासून एक प्रश्न नेहमी पडतो : पसारा टाकून गेलेल्या पाहुण्याविषयी लिहावे काय? एअरबीएनबीवर लिहिण्यास १४ दिवसांची मुदत असते. दोघांचे लिहून होईपर्यंत वा मुदत सरेपर्यंत एकाचे दुसऱ्यास दिसत नाही. तेव्हा भीड नको, घाईही नको.

अंथरुणातली वाळू समुद्रकाठी चालायचीच. गादीवर सांडलेले कालवण मात्र लिहावे. 'घाणेरडी माणसे' असे नव्हे, जे सापडले तेवढेच. स्वच्छतेचे तारे वेगळे, बोलण्याचालण्याचे वेगळे. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नये. केवळ भिडेपोटी 'उत्तम' लिहिले, तर पुढच्या घरची आपलीच भगिनी फसते. खरे आणि मोजके लिहिणे हाही शेजारधर्मच आहे.